पिंजऱ्यातील दया

सुरत शहराच्या पश्चिमेस, तापी जेथे समुद्राला मिळते तेथे, हजीरा आहे. एके काळी खलाशांचे आणि मासेमारांचे असलेले हे गाव आज पोलाद, वायू आणि खत यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. कारखान्यांच्या आणि गिरण्यांच्या आश्रयाने खानदेशातून व कोकणातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे सुरतेच्या परिसरात स्थायिक झाली आहेत. रविवारी मुलांना घेऊन जायचे कोठे, असा प्रश्न या कुटुंबांपुढे उभा राहिला की त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तापीच्याच काठी, महानगरपालिकेने सरथाण्यास प्राणिसंग्रहालय उभारले आहे. तेथे जावे, भेळ खावी, वाघसिंह पाहावेत आणि दिवेलागणीला परत फिरावे.

या बागेशी आमचे काही भांडण नाही. उलट तिने तापीतील पाणमांजरांची जी जोपासना केली आणि बंदिवासात त्यांची वीण यशस्वी करून दाखविली, तिचे कौतुक व्हावे तितके थोडेच आहे. आमचे भांडण एका वाक्याशी आहे. परतीच्या वाटेवर वडीलधारी मंडळी वर्तमानपत्रातील वार्ता एकमेकांना सांगतात: अमुक गावी मोठे मांजरकुळातील जनावर मोकाट सापडले, लोकांनी त्याला धरले, आणि अमुक प्राणिसंग्रहालयाने त्याला ठेवून घेतले. यावर सगळ्यांचा अभिप्राय एकच असतो: “बरे झाले, बिचाऱ्याला आसरा मिळाला.”

हे “बरे झाले” आम्हांला मान्य नाही. तेथे गोष्ट संपली असे आपण समजतो, पण वस्तुतः जनावराची गोष्ट तेथे सुरू होते, आणि संपते ती फक्त ज्याने ते आणले त्या माणसाची जबाबदारी. परदेशातले जनावर हौसेने आणणारा एक. ते विकणारा दुसरा. सांभाळवेना म्हणून सोडून देणारा तिसरा. पकडून गाडीत घालणारा चौथा. हे सगळे हात झटकून मोकळे होतात, आणि शेवटचा हात उरतो तो एखाद्या लहानशा प्राणिसंग्रहालयाचा, ज्याला ते जनावर पुढे देण्यास कोणी नसते. त्या शेवटच्या हातावर भार टाकून आपण जी दया मिरवितो, ती फुकटची दया आहे. तिचे मोल जनावर भरते आणि ज्यांच्या करांवर ती बाग चालते ते नागरिक भरतात.

हा विषय या किनाऱ्याला परका नाही. 1514 साली गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्क याने दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागण्यासाठी गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याच्याकडे वकील पाठविले. त्यांचा मार्ग सुरतेवरून होता. परवानगी मिळाली नाही; नकाराचा कडवटपणा कमी करण्यासाठी नजराणा मात्र मिळाला, आणि त्यात एक जिवंत गेंडा होता. गोव्यात गेंड्याचे करायचे काय? आल्बुकेर्कने तो आपल्या राजाला नजर करण्याचे ठरविले. 1515 च्या जानेवारीत गोव्याहून निघालेले जहाज त्याला घेऊन 20 मे रोजी लिस्बनला पोहोचले. राजा मॅन्युएलने तो दरबाराला दाखविला, हत्तीशी त्याची झुंज लावून पाहिली, आणि वर्षअखेरीस रोमला पोपकडे भेट म्हणून रवाना केला. 1516 च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात ते जहाज बुडाले. गेंडा पाण्यात पोहणारा प्राणी. परंतु त्याला साखळदंडांनी जखडलेले होते. तो जहाजाबरोबर तळाशी गेला.

सुलतान, गव्हर्नर, राजा आणि पोप. चौघांपैकी पहिल्या तिघांनी तो सन्मानपूर्वक पुढच्याच्या हाती दिला. कोणी क्रूर नव्हते, कोणी त्याला मारले नाही, सर्वांनी औदार्यच दाखविले. न्यूरेंबर्गच्या ड्यूररने त्याचे जे चित्र लाकडी ठशावर कोरून जगप्रसिद्ध केले, तेही त्या प्राण्याला प्रत्यक्ष न पाहता, कोणाच्या तरी रेखाटनावरून व वर्णनावरून. सुरतेच्या वाटेने निघालेल्या त्या मुक्या जनावराची हकीकत आम्हांला आठवते ती याचसाठी, की पाचशे वर्षांनंतरही आपली रीत फारशी बदललेली नाही. फक्त पोपच्या जागी आता लहान गावचे प्राणिसंग्रहालय आले आहे.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. स्कॉटलंडच्या उत्तर भागात इनव्हर्नेसजवळ कॅनिख नावाचे खेडे आहे. तेथील एका शेतकऱ्याच्या मेंढ्या मारल्या जात होत्या. त्याने आमिष लावून पिंजरा मांडला, आणि 1980 च्या ऑक्टोबरात त्यात एक मादी प्यूमा सापडली. प्यूमा हे अमेरिका खंडातले जनावर, आपल्या बिबट्याच्या अंगलटीचे. स्कॉटलंडच्या डोंगरात ते आपल्या पायांनी येणे शक्य नाही. जवळच हायलँड वाइल्डलाइफ पार्क नावाचे, 1972 साली उघडलेले छोटे प्राणिसंग्रहालय होते. त्याने या मादीला ठेवून घेतले. तिचे नाव फेलिसिटी ठेवण्यात आले, म्हणजे ‘सुखदा’ म्हणा. आणि मग असे दिसून आले की ही रानटी म्हणून पकडलेली श्वापदीण अंगाने भरलेली, माणसाळलेली आहे; रखवालदाराने गुदगुल्या केल्या की तिला आवडते. कोणीतरी तिला घरी वाढविले होते. कोणी, ते कधीच सिद्ध झाले नाही. 1985 साली ती मेली, आणि पेंढा भरलेली तिची आकृती आज इनव्हर्नेसच्या वस्तुसंग्रहालयात काचेआड उभी आहे.

या प्रकरणामागे एक कायदा आहे, आणि आमच्या वाचकांनी तो नीट लक्षात घ्यावा. 1960 नंतरच्या त्या दशकात ब्रिटनमध्ये सिंहाचे, प्यूमाचे बछडे पाळण्याची हौस बोकाळली होती. लंडनच्या हॅरॉड्स या प्रख्यात दुकानात 1969 साली सिंहाचा छावा विकत मिळे, आणि दोन तरुणांनी तो घेतलाही. या प्रकाराला आळा घालण्यासाठी 1976 साली धोकादायक वन्य प्राण्यांविषयीचा कायदा झाला. परवाना हवा, विमा हवा, योग्य बंदोबस्त हवा. कायदा उत्तम होता. परंतु ज्याला परवान्याचा खर्च झेपत नाही त्याने जनावर नेऊन द्यायचे कोठे, याची सोय नव्हती; आणि असे जनावर रानात सोडणे हा स्पष्ट गुन्हा ठरला तो 1981 च्या कायद्याने. मधल्या काळात किती मालकांनी रात्री गाडी काढली आणि माळावर नेऊन दार उघडले, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. कॅनिखची मादी अशाच कोणा मालकाची असावी, हा तेथील लोकांचा तर्क आम्हांला पटतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात 18 ऑक्टोबर 2011 रोजी झेन्सव्हिल गावाजवळ याहून भयंकर प्रकार घडला. एका खासगी मालकाने आपल्या वाड्यातील पन्नासहून अधिक जनावरांचे पिंजरे उघडले आणि आत्महत्या केली. रात्र पडत होती, वस्ती जवळ होती. पोलिसांपुढे गोळी घालण्यावाचून उपाय उरला नाही. 18 वाघ आणि 17 सिंह त्या एका प्रसंगात मारले गेले. सहा प्राणी जिवंत राहिले, त्यांत तीन बिबटे होते, आणि त्यांना कोलंबस येथील प्राणिसंग्रहालयाने आसरा दिला. येथेही सगळ्यांनी “बरे झाले” म्हटले. पुढे काय झाले? एक बिबट्या पिंजऱ्याचे सरकते दार अंगावर पडून जबर जखमी झाला व त्याला मरण द्यावे लागले. उरलेले पाच प्राणी 2012 च्या मे महिन्यात मालकाच्या विधवेला परत करावे लागले, कारण कायद्याने ती तिची मालमत्ता होती. खाणे, औषध, रखवाली सर्व प्राणिसंग्रहालयाचे. हक्क मात्र दुसऱ्याचा.

“ही विलायतेची कौतुके आपल्याकडे कशाला?” असे कोणी विचारील. त्याने 2019 च्या जूनच्या आरंभीची कोलकात्याची वार्ता आठवावी. शहराबाहेरच्या रस्त्यावर अडविलेल्या एका मोटारीत सिंहाचा छावा आणि तीन दुर्मीळ वानरे सापडली. बांगलादेशच्या सीमेवरून चोरट्या मार्गाने ती आणलेली होती. छाव्याची रवानगी अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली. 2022 च्या एप्रिलात जलपायगुडीच्या बाजूला रस्त्याकडेला चक्क कांगारू आढळले! कोठे ऑस्ट्रेलिया आणि कोठे उत्तर बंगाल! आणि हजीऱ्याच्या समोरच्या समुद्रापलीकडे, आखातात, जेथे आपल्या कोकणातील व गोव्यातील हजारो कुटुंबे पोटासाठी गेली आहेत, तेथे श्रीमंतांच्या मोटारीत शेजारच्या आसनावर चित्ता बसलेला पाहणे ही काही वर्षांपूर्वी नवलाची गोष्ट नव्हती. संयुक्त अरब अमिरातींना 2016 साली कायदा करून असे प्राणी घरात बाळगण्यावर बंदी घालावी लागली. तरीही त्या मोटारींची चित्रे आपल्या खिशातील दूरध्वनीवर येऊन पोहोचलीच आहेत. हौस ही साथीसारखी असते. तिला सीमाशुल्क नसते.

आता लहान प्राणिसंग्रहालयाने असे जनावर ठेवून घेणे म्हणजे काय, याचा हिशेब करू. भावना बाजूला ठेवून नुसता हिशेब.

पूर्ण वाढलेल्या सिंहाला दिवसाला निदान आठ किलो मांस लागते, असे धरू. आठवड्यातून एक दिवस उपवास दिला तरी वर्षाकाठी अडीच टन मांस होते. बंदिवासातील सिंह पंधरा-वीस वर्षे सहज जगतो. पंधराच वर्षे धरली तरी सदतीस टनांच्या वर मांस झाले. हे एका जनावराचे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या प्रमाणाप्रमाणे सिंहाच्या किंवा वाघाच्या जोडीला मोकळे आवार किमान 1000 चौरस मीटरांचे हवे, बिबट्याच्या जोडीला 500 चौरस मीटरांचे; शिवाय रात्रीचे पिंजरे वेगळे. अनोळखी जनावराला प्रथम महिनाभर तरी इतरांपासून दूर ठेवावे लागते, त्यासाठी वेगळी जागा, वेगळी भांडी आणि वेगळा माणूस हवा. हे नखरे नव्हेत. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या एका भागात काही आठवड्यांत 23 सिंह मेले, आणि त्यांच्या मृत्यूमागे कुत्र्यांपासून पसरणारा डिस्टेंपर रोग व गोचिडांपासून होणारा ज्वर असल्याचे आढळले. जे जनावर कोणाच्या तरी घराच्या मागील अंगणात, कुत्र्यामांजरांच्या संगतीत वाढले, ते अंगातून काय घेऊन आले आहे ते कोण सांगणार? त्याच्यासाठी ज्या बागेत वेगळी खोली नाही, त्या बागेने त्याला आत घेणे म्हणजे आपल्या जुन्या रहिवाशांचा जीव पणाला लावणे होय.

आणि आपल्या लहान बागांची स्थिती काय आहे? 2018 च्या नोव्हेंबरात याच प्राधिकरणाने औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालयाची आणि नागपूरच्या महाराज बागेची मान्यता काढून घेण्याचे आदेश दिले. पुढे त्याविरुद्ध दाद मागण्यात आली, तो भाग निराळा. परंतु या दोन्ही बागांवर त्यांच्या शहरांचे प्रेम आहे आणि नागपूरची बाग तर एकोणिसाव्या शतकातली आहे. प्रेम होते, जुनेपण होते, तरी प्रमाणाला त्या उतरल्या नाहीत. पुण्याच्या कात्रजचे प्राणिसंग्रहालय प्रशस्त, नामांकित; तेथे 2024 च्या मार्चमध्ये कर्नाटकातील हंपीहून आणलेला बिबट्या पिंजऱ्याचे गज वाकवून बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी आवारातच बेशुद्ध करून धरला गेला. जेथे मनुष्यबळ आहे, पशुवैद्य आहेत, तेथे हे घडते. मग जेथे एक पशुवैद्य आठवड्यातून दोनदा येतो तेथे काय होईल, याचा विचार टाळ्या वाजविण्यापूर्वी करावा.

शिवाय अशा जनावराचा उपयोग काय? ही भाषा निर्दय वाटेल, पण प्राणिसंग्रहालय हे आज करमणुकीचे घर राहिलेले नाही. निसर्गातील वंश राखण्यास साहाय्य करणे हा त्याचा पहिला हेतू मानला जातो. ज्याचा मूळ प्रदेश ठाऊक नाही, आईबाप ठाऊक नाहीत, त्याची वीण कोणत्याही वंशनोंदीत बसत नाही. हा धडा आपण एकदा घेतला आहे. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 साली मुंबईत सर्कस सुरू केली आणि महाराष्ट्राने या धंद्याला मोठमोठे कलावंत दिले, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु सर्कशींच्या पिंजऱ्यांत आफ्रिकी आणि भारतीय सिंहांची सरमिसळ झाली. 1998 साली वाघ, सिंह, बिबटे, अस्वले व माकडे यांच्या खेळांवर सरकारने बंदी घातली आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, तेव्हा हे मिश्र रक्ताचे सिंह विशाखापट्टणम, तिरुपती, बंगळूर अशा ठिकाणच्या सुटका-केंद्रांत नेऊन ठेवावे लागले. त्यांची वीण थांबविण्यात आली. मरेपर्यंत पोसणे एवढेच हाती उरले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ते कर्तव्यच होते. पण ते कर्तव्य खास बांधलेल्या केंद्रांवर सोपविले गेले आणि त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून झाला. ज्यांनी त्या सिंहांवर पैसा मिळविला होता त्यांच्याकडून काय वसूल झाले, असे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

येथे आम्ही कायद्याकडे वळतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या वाघाला, सिंहाला, बिबट्याला संरक्षण दिले. परंतु अमेरिकेचा जॅग्वार किंवा प्यूमा त्याच्या सूचींत नव्हता. सीमेवर सापडला तर सीमाशुल्काचा गुन्हा. एकदा आत आला की विचारणारा जवळजवळ कोणी नाही. 2020 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने सांगितले की जो कोणी आपल्याजवळचे विदेशी प्राणी सहा महिन्यांत आपणहून जाहीर करील त्याच्याकडे त्यांची कागदपत्रे मागितली जाणार नाहीत. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली, आंतरराष्ट्रीय करारातील प्राण्यांची स्वतंत्र सूची आपल्या कायद्यात आली, आणि 2024 च्या फेब्रुवारीतील नियमांनी असे प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घातले. त्यासाठी पुन्हा सहा महिन्यांची मुदत. दिशा योग्य आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु ब्रिटनचे 1976 साल आम्ही विसरू शकत नाही. नोंदणीची मुदत संपली. ज्याने नोंद केली त्याचे ठीक. ज्याने केली नाही, त्याच्यापुढे आता तीन वाटा आहेत: लपवून ठेवणे, मारून टाकणे, किंवा रात्री नेऊन सोडणे. चौथी वाट, म्हणजे उजळ माथ्याने नेऊन देणे आणि त्याच्या आजन्म पोषणाचा खर्च भरणे, ही कायद्याने आखून दिलेली नाही. मग सोडलेले जनावर सापडले की ते कोणाच्या गळ्यात पडणार? ज्या जिल्ह्यात ते सापडेल तेथल्या लहान प्राणिसंग्रहालयाच्या. आमच्या या दक्षिण गुजरातेत उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे, जुन्नरकडेही तेच. माणिकडोहच्या निवारा-केंद्रात जागेच्या मानाने बिबटे अधिक झाले आहेत, हे महाराष्ट्र जाणतो. घरच्याच जनावरांना जागा पुरत नाही, तेथे हौशी लोकांची विदेशी टाकून दिलेली जनावरे कोठे ठेवणार?

आमच्यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला: मग काय, पकडलेल्या जनावराला मारून टाकावे? मुळीच नाही. धोकादायक जनावर वस्तीत मोकाट असेल तर त्याला धरले पाहिजे आणि त्या रात्रीपुरता जवळचा पिंजरा दिला पाहिजे. पण रात्रीचा निवारा निराळा आणि जन्माचा संसार निराळा. धर्मशाळेत उतरलेल्याला आपण घर लिहून देत नाही. दुसरा आक्षेप: मुलांना दूरदेशीचा प्राणी पाहायला मिळतो, ज्ञान वाढते. कोणते ज्ञान? पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात दिवसभर येरझारा घालणारे जनावर पाहून मूल शिकते ते इतकेच, की मोठ्या माणसांना वाटेल ते जनावर वाटेल तेथे ठेवता येते. तापीच्या पाणमांजराजवळ त्याला पाच मिनिटे उभे करा; आपल्या नदीत काय आहे हे त्याला अधिक कळेल. तिसरा आक्षेप: जामनगरजवळ आता खासगी उद्योगसमूहाचे प्रचंड केंद्र उभे आहे, तेथे सगळे पाठवा. त्या केंद्राची सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या पथकाने 2025 साली चौकशी केली आणि त्यात गैर काही आढळले नाही. त्याविषयी आम्हांला येथे बोलायचे नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. नदीच्या मुखाशी मोठे जाळे बांधले म्हणून वरच्या गावांना नदीत घाण टाकण्याचा परवाना मिळत नाही.

तेव्हा आमचे मागणे असे आहे. ज्याने विदेशी श्वापद आणले, विकले किंवा बाळगले, तो सापडला तर त्या जनावराच्या उरलेल्या आयुष्याचा संपूर्ण खर्च त्याच्याकडून वसूल व्हावा. शिक्षेचा दंड वेगळा, हा खर्च वेगळा. तो सापडला नाही तर तो खर्च सरकारने उचलावा, नगरपालिकेच्या बागेच्या तुटपुंज्या तरतुदीवर लादू नये. स्वेच्छेने जनावर आणून देण्याची कायमची सोय प्रत्येक राज्यात एका ठिकाणी तरी असावी, आणि देणाऱ्याने पैसे भरावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे: लहान प्राणिसंग्रहालयाला ‘नाही’ म्हणण्याचा लेखी अधिकार असावा, आणि तो वापरणाऱ्या अधिकाऱ्याला निर्दय ठरविले जाऊ नये. ज्या बागेने ‘हो’ म्हटले तिने नामकरणाचे समारंभ करू नयेत, त्या जनावराच्या नावे तिकीट वाढवू नये, त्याची वीण करू नये. आणि दरवर्षी त्याचे वजन, आजार व खर्च नागरिकांपुढे ठेवावेत. हे सर्व ज्या बागेला झेपेल तिने जरूर ठेवून घ्यावे. तिला आम्ही हात जोडू.

दया ही मोठी गोष्ट आहे. आपल्या संतांनी ती प्राणिमात्रांपर्यंत नेली. परंतु ज्या घरात दोन वेळची भाकर पुरत नाही त्या घराच्या दारात पाहुणा सोडून जाणाऱ्याला आपण दयाळू म्हणत नाही. पाहुण्याची अडचण तर होतेच, घरधन्याचीही होते, आणि सोडून जाणारा मात्र गावभर सांगत सुटतो की मी त्याची सोय लावली. पुढच्या वेळी “बरे झाले” म्हणण्यापूर्वी वाचकांनी एवढेच विचारावे: हे जनावर कोणाचे होते, आणि त्याचे पैसे कोण भरतो आहे? हा प्रश्न दहा शहरांत दहा माणसांनी महानगरपालिकेच्या सभेत उभे राहून विचारला, तर आमच्या या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.